खोल्या रिकाम्या करून घेण्याआधी

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या दहा-बारा घरमालकांची बैठक एका गोदामात बसली. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी पिंपळगावला घरी आलो होतो. अब्बा निघाले म्हणून मीही मागे जाऊन बसलो. विषय एकच होता: मोहल्ल्यातल्या खोल्या यूपी-बिहारच्या लोकांना भाड्याने द्यायच्या की बंद करायच्या. ज्यांच्याकडे आधीच राहतात त्यांना दोन महिन्यांची मुदत द्यायची का, हा त्याचा पुढचा भाग.

एक चाचा म्हणाले, "इनके बच्चोंने अपने बच्चों को बिगाडा." सगळ्यांनी माना हलवल्या. अब्बांनीही.

तिथे मी काही बोललो नाही. मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडायची सवय नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही. म्हणून जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितोय. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावात अशीच बैठक झाली असेल, नाहीतर होईल.

आधी झालं काय ते सांगतो. टोमॅटोच्या हंगामात आमच्या मार्केटबाहेर रात्रभर ट्रक उभे असतात. त्यातल्या एकाच्या केबिनमधून मोबाईल आणि एकवीस हजार रुपये गेले. सीसीटीव्हीत तीन पोरं दिसली, तिघंही अठरा वर्षांखालची. एकाच्या खिशात त्या गोळ्या सापडल्या, ज्यांना मालेगावपासून इथपर्यंत सगळे 'कुत्ता गोली' म्हणतात. म्हणजे अल्प्राझोलम, झोपेसाठी आणि घबराटीसाठी डॉक्टर लिहून देतात ती. ज्याचे पैसे गेले तो व्यापारी मुरादाबादकडचा होता. त्याने ते पैसे हमालांना वाटण्यासाठी ठेवले होते. पोरांनी चूक केली, आणि त्या चुकीने कुणाच्या तरी घरची चूल त्या दिवशी पेटली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की इंजिनिअरसाहेब चोरांची वकिली करतायत.

तिघांपैकी एक शेतकऱ्याच्या घरचा, मराठा. त्याच्याबद्दल गावात बोललं गेलं की वयच तसं असतं, सुधारेल. दुसरा आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरचा. त्याच्याबद्दल बैठकीत म्हणाले की संगत वाईट लागली. तिसऱ्याचे आजोबा आझमगढ जिल्ह्यातून आले. त्याच्याबद्दल म्हणाले की ये लोग होतेच ऐसे हैं. तिघांनी मिळून एकाच केबिनचं दार उघडलं होतं. एकाचं वय निघालं, दुसऱ्याची संगत निघाली, आणि तिसऱ्याचा मुलूख.

तिसरा मुलगा आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतो. आम्ही त्यांचे घरमालक. आता ही गोष्ट बैठकीत सगळ्यांना माहीत होती, पण कुणी काढली नाही. त्याहून जुनी एक गोष्ट आहे, ती बहुतेक लोक विसरलेत. त्याच्या आजोबांना पिंपळगावात माझ्या दादांनी बोलावलं होतं. दोघं एकाच गावचे.

माझे दादा १९५८ साली आझमगढहून मालेगावला लूमवर आले. मालेगावला येणं तेव्हा नवं नव्हतं. १८५७ नंतरच्या धरपकडीत आणि दुष्काळात तिकडचे विणकर मुंबई-आग्रा रस्त्याने खाली उतरले आणि मोसम नदीकाठी थांबले, तेव्हापासून तो रस्ता आमच्या लोकांना पाठ होता. दादांना लूमचा आवाज सोसेना म्हणून १९६३ मध्ये त्याच रस्त्यावर आणखी सत्तरेक किलोमीटर खाली येऊन त्यांनी पिंपळगावात ट्रकच्या बॉडीचं काम धरलं. काम वाढलं तेव्हा १९७४ मध्ये गावाकडून एका पोरगेल्या माणसाला बोलावून घेतलं. तो माणूस म्हणजे या मुलाचे आजोबा. दोघांनी वीस वर्षं एकाच शेडमध्ये पत्रे ठोकले, एका ताटात जेवले. दोघांच्या येण्यात अकरा वर्षांचा फरक. तेवढ्यावर आज आम्ही 'इथले' आणि ते 'यूपीवाले'.

या अकरा वर्षांची किंमत मला चांगली माहीत आहे, कारण ती मला मिळाली आहे. आमच्या बडे अब्बांचं नाव जून १९६६ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेच्या रजिस्टरला लागलं. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी तुमचं घराणं या राज्यात राहत होतं, असा पुरावा लागतो. ज्यांनी दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारल्यात त्यांना ही तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ असेल. मोमीन-अन्सारी यादीत यावेत म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्वदच्या दशकात किती पायपीट केली, हे आपल्या अंकांतून बरेचदा आलं आहे. त्या यादीने आणि शाळेच्या त्या एका पानाने मला इंजिनिअरिंगची जागा दिली, फी निम्मी केली. आज मी हिंजवडीत एसीत बसून कोड लिहितो त्याच्या मुळाशी सोळा महिने आहेत, जून १९६६ ते ऑक्टोबर १९६७.

त्या मुलाकडे ते पान नाही. जात तीच, बिरादरी तीच, मूळ गाव तेच. त्याचा बाप पिंपळगावात जन्मला, तो स्वतः पिंपळगावात जन्मला, आणि आझमगढ त्याने फक्त मोबाईलवर पाहिलंय. गेल्या वर्षी तो दहावीला पासष्ट टक्क्यांनी पास झाला. डिप्लोमा करायचा होता. दाखला निघेना, खुल्या वर्गातून चांगल्या कॉलेजला नंबर लागेना, जिथे लागत होता तिथली फी ऐकून बाप गप्प झाला. ऑगस्टमध्ये टोमॅटो सुरू झाला आणि पोरगा क्रेट उचलायला गेला.

आता माझी लाज. खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी शिक्षण फी मिळते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे. मला हे माहीत होतं. ईदला मी घरी होतो, त्या पोराने माझ्या गाडीचा टायर बदलून दिला, मी त्याला ईदी दिली आणि विचारलं, "क्या कर रा आजकल?" तो म्हणाला, "बघू भाई, ॲडमिशनचं चाललंय." मी 'अच्छा' म्हणून फोनकडे वळलो. फॉर्म भरायला मला अर्धा तास लागला असता.

बैठकीतला दुसरा मुद्दा असा होता की हे लोक मिसळत नाहीत. मिसळले असते तर पोरं सुधारली असती. हीच गोष्ट बाहेरचे आपल्याबद्दल बोलतात तेव्हा आपण चिडतो, पण तो भाग सोडा. मुळात हे खरं आहे का ते पाहू.

त्या घरात सगळ्यात कमी मिसळलेला माणूस कोण? आजोबा. पन्नास वर्षांत त्यांना धड मराठी आली नाही. 'ळ' तर अजून म्हणता येत नाही. त्यांच्या नावावर आयुष्यात एक चलान नाही. बाप थोडा जास्त मिसळला. त्याला मार्केटमध्ये भाव कळतो, भांडता येतं, पण पोलीस दिसला की तो आजही नजर खाली घालतो. आणि पोरगा? तो निफाडी मराठी बोलतो, माझ्यापेक्षा अस्सल. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचतो, उरुसातही नाचतो. भाईगिरीची रील पाहतो आणि बनवतो. मित्र सगळ्या जातींचे, त्याचा पुरावा सीसीटीव्हीत आहेच. मिसळण्याने माणूस सुधारत असता तर या घरात सर्वांत सरळ तो निघायला हवा होता.

हे फक्त आमच्या मागच्या खोल्यांचं निरीक्षण नाही. शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० वस्त्यांमधल्या ८ ते २५ वयाच्या सुमारे तीन हजार मुलामुलींचा काही वर्षं माग ठेवला. स्थलांतरितांची पहिली पिढी हिंसेच्या वाटेला जाण्याची शक्यता तिसऱ्या पिढीपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी निघाली. दुसऱ्या पिढीची २२ टक्क्यांनी कमी. म्हणजे जसजशी पोरं 'तिथली' होत गेली, तसतशी ती गुन्ह्यातही तिथल्यासारखी होत गेली. युरोपातले आकडे वेगळे आहेत आणि काही ठिकाणी वाईट आहेत, ते मी लपवत नाही. पण स्वीडनच्या सरकारी गुन्हेप्रतिबंधक परिषदेचा २०२१ चा अहवाल पाहिलात तर तिथेही बाहेर जन्मून आलेल्यांपेक्षा स्वीडनमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांचं प्रमाण जास्त आहे. गुन्हा बापाच्या पेटीतून आला असता तर बापाचा आकडा मोठा असता.

याहून जुनं आणि मला जास्त पटणारं काम क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांचं आहे, त्यांचं पुस्तक १९४२ चं. त्यांनी शिकागोच्या बालन्यायालयांची अनेक दशकांची दप्तरं काढली आणि कुठल्या वस्तीतून किती पोरं आली ते नकाशावर मांडलं. कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांमध्ये आधी जर्मन आणि आयरिश होते, ते वर सरकले, मग पोलिश आणि इटालियन आले, मग दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. माणसं बदलली, भाषा बदलल्या, चर्च बदललं. वस्तीचा आकडा वरच राहिला. आणि जे त्या वस्तीतून बाहेर पडले त्यांच्या पोरांचा आकडा खाली आला. आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवर वारंवार पडत असेल तर आपण सर्व्हर तपासतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं आडनाव विचारत बसत नाही. (विचारणारे मॅनेजर पाहिलेत, तो वेगळा लेख.)

शिकागो लांब वाटत असेल तर ओझरला या. पिंपळगावपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. १९६४ मध्ये तिथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा. देशभरातून माणसं आली. मल्याळी, कानडी, पंजाबी आले, आणि हो, यूपी-बिहारचेही भरपूर आले. दादा पिंपळगावात पत्रे ठोकत होते त्याच वर्षांत. त्या माणसांना टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, मैदान मिळालं, पीएफ आणि पेन्शन मिळालं. त्यांची मुलं माझ्यासोबत इंजिनिअरिंगला होती. त्यातल्या कितीतरी जणांना आजही मराठी अडखळत येतं, घरी कुणी मराठी बोलत नाही, लग्नं गावाकडेच जुळतात. मिसळण्याच्या कसोटीवर ती घरं आमच्या भाडेकरूंच्या कितीतरी मागे आहेत. ओझरच्या परप्रांतीयांची पोरं बिघडली, त्यांना खोल्या देऊ नका, असं निफाड तालुक्यात मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणि आमच्या मार्केटला आलेल्याला काय मिळालं? १९६९ चा माथाडी कायदा आहे, पण हंगामापुरता व्यापाऱ्याच्या शेडवर क्रेट भरणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्या बाहेर राहतो. टोळीत नाव लागायला ओळख लागते, आणि ओळखीला पिढ्या. टोमॅटो संपला की काम संपतं. वर्षाचे काही महिने घरात दोन माणसांची मजुरी, उरलेले महिने रंगकाम मिळालं तर मिळालं. अशा घरातल्या सोळा वर्षांच्या पोराला सांगा की मेहनत कर, बाप बघ किती मेहनत करतो. तो बापाकडे बघतोच आहे. आजोबांनी अपमान गिळला कारण त्यांच्यासमोर मागचं गाव होतं, तिथल्यापेक्षा इथे बरं होतं. पोराला मागचं गाव नाही. तो स्वतःची तुलना माझ्याशी करतो, शेतकऱ्याच्या घरच्या त्या मित्राशी करतो. इथला असल्यासारखी अपेक्षा ठेवतो आणि बाहेरचा असल्यासारखी वागणूक मिळते. त्या फटीत गोळी विकणारा उभा आहे.

गोळीचंही बोलू. ती कुठल्या मुलखातून गाठोड्यात बांधून येत नाही. औषध कंपनीत बनते, घाऊक दुकानातून निघते, चिठ्ठीशिवाय विकली जाते. त्यात सही असलेली माणसं आहेत, परवाने आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा अख्खा कारखाना पकडला, शेकडो कोटींचा माल सांगितला गेला. तेव्हा कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या लोकांना खोल्या देऊ नयेत, अशी बैठक कुठे बसली होती?

आता जे माझ्या मनात सर्वांत जास्त खुपतं ते सांगतो. २००८ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या सातपूर-अंबडमधून उत्तर भारतीय कामगार हजारोंनी पळून गेले. टेम्पोत, ट्रेनच्या दारात लटकून. मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो. आमच्या घरी चार दिवस दादांना कुणी बाहेर जाऊ दिलं नाही, कारण ते तोंड उघडताच कळायचं. त्या चार दिवसांत त्यांनी अंगणात खाट टाकून बसून काढले आणि एकच वाक्य म्हणाले, "पैंतालीस साल हो गए." तेव्हा आपल्या मोहल्ल्याने कुणाला नावं ठेवली ते मला आठवतं. आज तेच वाक्य आपण गोदामात बसून आपल्या बोलीत बोलतोय.

हे आपल्याकडे कुठून आलं? मला वाटतं, याचा एक धागा आपल्याच बोलण्यात आहे, या अंकाच्याही. आपण तरुण मराठी मुसलमान गेली काही वर्षं छातीवर हात ठेवून सांगतोय की आम्ही इथलेच, आम्ही या मातीतले. शेख महंमदांचं नाव घेतो, शाहीर अमर शेखांचं नाव घेतो. बरोबरच आहे, ते आपले आहेत आणि ते सांगायला हवं. पण लक्षात घ्या, आपण हे कुणाला उत्तर म्हणून सांगतोय. 'तुम्ही बाहेरचे' म्हणणाऱ्याला. आणि 'आम्ही बाहेरचे नाही' एवढंच उत्तर दिलं की त्याचा नियम आपण मान्य केला: जो बाहेरचा त्याला हक्क कमी. मग तो नियम घेऊन आपण आपल्यापेक्षा उशिरा आलेला शोधतो. आपल्याला सापडला, आमच्या मागच्या खोल्यांत. खालच्या पायरीवर कुणी तरी उभा असला की आपली पायरी वर वाटते.

मौलानासाहेबांचंही म्हणणं बैठकीत आलं, की दीनपासून दूर गेल्याने पोरं बिघडतात. मान्य, मशिदीत येणारं पोरगं रात्री अकराला ट्रकपाशी कमी दिसेल. पण तो मुलगा जुम्याला माझ्या मागच्या सफमध्ये असायचा. मी पुढच्या सफमध्ये होतो आणि वळून पाहिलं नाही.

तुरुंगाचंही एकदा बोलायला हवं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अभ्यासाच्या काळात महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमान आपल्या लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा जवळपास तिप्पट होते, दर तीन कैद्यांत एकाच्या आसपास. त्या अभ्यासात टोळ्यांशी संबंध बहुतेकांचा निघाला नाही. बहुतेक तरुण, कमी शिकलेले, किरकोळ कामधंद्याचे. आपण हा आकडा भाषणात वापरतो, पोलिसांच्या पक्षपाताचा पुरावा म्हणून, आणि पक्षपात आहेच. पण त्या तिसऱ्या हिश्शात जाणारी पोरं कुठून निघतात? त्यांच्या वाटेवरची एक पायरी म्हणजे अशी बैठक. सोळाव्या वर्षी ज्याचं घर मोहल्ला काढून घेतो, त्याला विसाव्या वर्षी कोण ठेवून घेतं ते तुम्हाला माहीत आहे.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्याला आरोपीसुद्धा म्हणत नाहीत. विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. जामीन हा नियम, अडकवणं अपवाद. नव्याने सुरुवात करता यावी म्हणून पुढे नोंदीसुद्धा पुसायची तरतूद आहे. मंडळासमोर मुलाची जबाबदारी घेणारं माणूस लागतं. परिविक्षा अधिकारी घरी येऊन विचारतो की हा कुठे राहतो, कोणासोबत राहतो, शाळेचं काय. पत्ता विचारतो. आणि आपण नेमका त्याचा पत्ताच काढून घ्यायला निघालोय. पहिल्या तारखेला नाशिकला बाप एकटा गेला, दिवसाची मजुरी सोडून. शेतकऱ्याच्या पोरासोबत चार माणसं होती. आपल्या जुन्या घरच्या पोरासोबत दोन चाचा होते. हे दोन चाचा परत येऊन बैठकीत पहिल्या रांगेत बसले.

तुमच्यापैकी जे शिकून पुण्या-मुंबईला, नाहीतर दुबईला गेलात, त्यांना माझं थेट म्हणणं आहे. मोहल्ल्यावर स्टेटस टाकायचं बंद करा आणि दोन पोरांचे फॉर्म भरा. घरमालक तुमचे अब्बा आहेत, चाचा आहेत, मामू आहेत. त्यांच्याशी भांडण करणं अवघड आहे, फेसबुकवरच्या अनोळखी माणसाशी भांडण्यापेक्षा कितीतरी अवघड. मी ते आत्तापर्यंत टाळलं. डिप्लोमाची या वर्षीची प्रक्रिया अजून सुरू व्हायची आहे. कागद मी मागवलेत: दहावीचं गुणपत्रक, अधिवास, बापाच्या उत्पन्नाचा दाखला. तहसीलच्या रांगेत बापासोबत आमचा धाकटा गेला होता. पुढच्या तारखेला नाशिकला मी जाणार आहे. ऑफिसात रजेचं कारण 'कौटुंबिक' लिहिलंय.

काल रात्री अब्बांना फोन केला. खोल्यांचं विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की लोकांचं ऐकावं लागतं, आपल्याला इथेच राहायचंय. मी म्हटलं, "अब्बा, १९७४ मध्ये त्यांना एसटी स्टँडवर घ्यायला कोण गेलं होतं?" ते म्हणाले, "मी गेलो होतो. दादांनी पाठवलं होतं. मी अकरा वर्षांचा होतो, त्यांची पेटी मी उचलली होती."

पुढची बैठक या जुम्याला आहे. मी गुरुवारी रात्रीच्या बसने निघतोय.